हिंजवडीची बेरीज, आपली वजाबाकी

दिवाळीच्या तोंडावर पुण्याहून सुटणाऱ्या खाजगी गाड्यांच्या नुसत्या पाट्या वाचल्या तरी त्या शहरात कोण राहते ते कळते. नांदेड, परभणी, हिंगोली, पुसद, यवतमाळ, वाशीम, अकोला, खामगाव. त्या आठवड्यात एका जागेचे भाडे क्विंटलभर ज्वारीच्या भावाला भिडते आणि तरी गाडी गच्च भरून येते. गाडीत बसलेली पोरे आपल्याच घरची असतात. चार दिवस राहतात, आईच्या हातची भाकरी खातात, कपाशीच्या भावाची चौकशी करतात आणि पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा पाटी शोधायला स्टँडवर उभी राहतात.

पण पाट्या वाचून अंदाज बांधणे आपल्या चळवळीला शोभत नाही. कपाशीच्या उत्पादनखर्चाचा हिशेब आपण रुपयापैशाने मांडायला शिकलो, तसा एका शहराचाही हिशेब मांडता आला पाहिजे. तिथे माणसे किती, आली कुठून, खातात कशावर आणि पैसा कोणाच्या पदरात पडतो? या वेळी आम्ही पुणे महानगराचा आणि विशेषेकरून हिंजवडीचा हिशेब मांडतो आहोत.

आधी डोकी मोजू. १९९१ च्या जनगणनेत पुणे आणि पिंपरी-चिंचवड ही दोन शहरे, छावण्या आणि लगतची वस्ती धरून माणसे होती २५ लाखांना थोडी कमी. २००१ साली ती साडेसदतीस लाखांवर गेली आणि २०११ साली ५० लाखांवर. वीस वर्षांत दुप्पट. एकट्या पिंपरी-चिंचवडचा आकडा १९९१ ला ५ लाख १७ हजार, २००१ ला १० लाख १२ हजार आणि २०११ ला १७ लाख २७ हजार. इतक्या वेगाने कोणत्याही गावचा पाळणा हलत नाही. ही माणसे दुसरीकडून आलेली आहेत.

आता दुसरीकडची पाने उलटू. २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या १६ टक्क्यांनी वाढली. पुणे जिल्ह्याची वाढली ३० टक्क्यांनी. अकोला आणि अमरावती ११ टक्क्यांच्या आसपास, यवतमाळ १३ टक्क्यांच्या आत आणि वर्धा अवघी ५ टक्क्यांच्या आगेमागे. वर्ध्याला जन्मदर कमी आहे हे खरे, आणि घर सोडणारा प्रत्येक जण पुण्यालाच जातो असेही नाही. कोणी नागपूरला जातो, कोणी सुरतेला, कोणी मुंबईला. तरीसुद्धा या कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यांतली वाढ राज्याच्या सरासरीला पोचत नाही आणि ज्या जिल्ह्यात कापूस नावालाही नाही तिथली वाढ सरासरीच्या दुप्पट होते, हा काही योगायोग नव्हे. पन्नास वर्षांपूर्वी कोकणात हेच झाले. रत्नागिरीत आजही दर हजार पुरुषांमागे ११२२ बायका आहेत असे २०११ ची जनगणना सांगते, कारण गडी मुंबईला आणि घर मनिऑर्डरवर. पुणे जिल्ह्यात नेमके उलटे, हजारी ९१५. राज्याची सरासरी ९२९ आणि यवतमाळची ९५२. गडी पुढे गेला, बाई मागे राहिली. पुण्याच्या आकड्यातला सगळाच दोष मात्र स्थलांतराच्या माथी मारू नये. त्या जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या पोरांत हजार मुलग्यांमागे मुली ८८३ होत्या. ती लहान लेकरे काही गाडी पकडून आलेली नव्हती. शिकलेल्या, पैसेवाल्या जिल्ह्याची ती लाज आहे.

यापुढचा आकडा सरकारपाशी नाही. २०२१ ची जनगणना झालीच नाही. पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही तारीख धरली आहे. सोळा वर्षे देशाने माणसे मोजली नाहीत आणि याच सोळा वर्षांत आपल्या गावांची सर्वांत मोठी गळती झाली. पुणे महापालिकेने २०१७ साली ११ गावे आणि २०२१ साली २३ गावे पोटात घेतली. २०१५ साली महानगर प्रदेश विकास प्राधिकरण झाले. मोजणी बंद होती, वाढ चालू होती.

आता हिंजवडी. हे गाव मुळशी तालुक्यातले. मुळशी म्हटले की आपल्याला दोन गोष्टी आठवायला हव्यात. एक आंबेमोहर तांदूळ, ज्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. दुसरी १९२१ चा मुळशी सत्याग्रह. टाटा कंपनीच्या धरणात जमिनी बुडत होत्या, वीज मुंबईला जाणार होती, आणि मावळातला शेतकरी सेनापती बापटांच्या मागे उभा राहिला होता. धरण झालेच. त्यानंतर पाऊणशे वर्षांनी त्याच तालुक्याच्या पूर्वेच्या टोकाला, हिंजवडी, माण आणि मारुंजीच्या शिवारात औद्योगिक विकास महामंडळाचे राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान आले. पहिल्या वेळी विजेसाठी, दुसऱ्या वेळी संगणकासाठी. तालुका तोच, जमीन देणाराही तोच.

आज तिथे इन्फोसिस, विप्रो, टीसीएस, कॉग्निझंट अशा कंपन्यांच्या काचेच्या इमारती आहेत आणि रोज कामाला येणाऱ्यांची संख्या लाखांत मोजतात. या माणसांचे थर लावून पाहा. सर्वांत वर संगणकाचे काम करणारा. त्याचा पगार परदेशातून आलेल्या डॉलरमधून निघतो. त्याच्या खाली त्याला आणणारा-नेणारा ड्रायव्हर, कँटीनचा आचारी, फरशी पुसणारी बाई, दारावरचा पहारेकरी, मोटारसायकलवर जेवणाचे डबे पोचवणारा पोरगा. त्याच्याही खाली इमारतीवर विटा चढवणारा. वरच्या थरातही आपली मुले आहेत, ते नाकारू नका. एखादा एकर विकून, कर्ज काढून इंजिनियर केलेला पोरगा तिथे बसलेला आहे आणि त्याच्या पगारावर गावाकडे बहिणीचे लग्न झाले आहे. पण आपली गर्दी आहे ती मधल्या आणि खालच्या थरात.

ती का आहे, याचे गणित साधे. कोरडवाहू कपाशी एकरी पाच क्विंटल धरा; चांगला पाऊस झाला तर. २०२५-२६ च्या हंगामाचा लांब धाग्याचा हमीभाव ८११० रुपये. पाच एकरवाल्याचे झाले २ लाख २ हजार ७५० रुपये. बियाणे, खत, फवारणी, निंदण आणि किलोमागे दहा रुपयांच्या घरातली वेचणी यांत निम्मे गेले असे समजा. राहिलेल्याला बाराने भागा. महिन्याला साडेआठ हजाराच्या आत येते, आणि तेही सगळा कापूस हमीभावाने गेला तर. २०२५ च्या दिवाळीत बाजार हमीभावाच्या खालीच होता. ज्वारीचा हमीभाव त्याच हंगामात संकरितला ३६९९, मालदांडीला ३७४९. तिचे गणित तर मांडायलाच नको, कडबा निघाला एवढेच सुख. हिंजवडीच्या दारावर बारा तास उभा राहणारा पहारेकरी याहून जास्त मिळवतो. पाच एकराचा मालक मालकी सोडून पहारेकरी होतो तो आळशी आहे म्हणून नाही. त्याला भागाकार येतो म्हणून.

यावर आपल्याला नेहमी ऐकवले जाते की हिंजवडी बुद्धीच्या जोरावर मोठी झाली, शेतकऱ्याला बुद्धी वापरायला नको. आम्ही कृषी महाविद्यालयात शिकलो, तिथेही वर्गात हेच शिकवत. तेव्हा बुद्धीचा हिशेबही पाहून टाकू.

हिंजवडीच्या कंपन्या जो माल विकतात तो बहुतेक परदेशी जातो. तो कोणाला विकावा, किती भावाने विकावा, यावर सरकारने कधी बंधन घातले नाही. उलट सॉफ्टवेअर तंत्रज्ञान उद्यानातल्या निर्यातीच्या नफ्यावर मार्च २०११ पर्यंत आयकराची सूट होती, आणि ती संपल्यावर विशेष आर्थिक क्षेत्राची सूट होती. अमेरिकेत भाव वाढला तर तो फायदा पुण्यात आला. देशातल्या गिऱ्हाइकाला स्वस्त पडावे म्हणून सॉफ्टवेअरच्या निर्यातीवर बंदी घालायची कल्पना दिल्लीत कोणाच्या स्वप्नातसुद्धा आली नाही.

आता कापूस पाहा. १९७२ साली एकाधिकार खरेदी आली आणि पुढची तीस वर्षे विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला आपला कापूस आदिलाबादला किंवा बऱ्हाणपूरला नेऊन विकणे गुन्हा ठरले. ज्या काळात हिंजवडीचा पाया खणला जात होता, त्या काळात आपल्या बैलगाड्या सीमेवरच्या नाक्यावर अडवल्या जात होत्या. ते संपले, तर एप्रिल २०१० मध्ये जगात भाव चढताच कापसाची निर्यात थांबवली. मार्च २०१२ मध्ये पुन्हा बंदी. आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये आयात कापसावरचा ११ टक्के कर काढून टाकला, तो ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे नेमका आपला कापूस घरात येतो ते तीन महिने धरून. हिंजवडीला जगातले नवे यंत्र, नवी आज्ञावली आली की ती त्याच दिवशी वापरता येते. तणनाशकाला दाद न देणारे कपाशीचे बियाणे मात्र जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीरला शेतकऱ्यांनी उघडपणे पेरले तेव्हा तो कायदेभंग ठरला. एकाला बाजारही मोकळा आणि तंत्रज्ञानही मोकळे. दुसऱ्याचे दोन्ही हात बांधलेले. मग बुद्धी मोजायची कशावर?

राज्याच्या हिशेबात याचा परिणाम लख्ख दिसतो. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रातल्या काम करणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक शेतकरी किंवा शेतमजूर होते, आणि राज्याच्या उत्पन्नात शेतीचा वाटा कसाबसा आठवा हिस्सा. निम्मी पंगत आणि आठवा हिस्सा अन्न.

म्हणून आमचे म्हणणे आहे की हिंजवडीला शिव्या देऊ नयेत. पुण्याची कारखानदारी आपल्या परकी नाही. खडकीला किर्लोस्करांनी १९४६ साली तेलाची इंजिने करायला घेतली ती आपल्या विहिरींवर धडधडली. आकुर्डीचे टेम्पो आपला भाजीपाला वाहत आले. मोकळे सोडले तर माणूस किती मिळवू शकतो याचे हिंजवडी हे उदाहरण आहे. वाद घालायचा तो आपल्याला का बांधून ठेवले यावर आणि दुसरा, जास्त कडू, तिथल्या जमिनीवर.

हिंजवडीची जमीन कोणत्या कायद्याने गेली? महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम, १९६१. शेतजमिनीच्या कमाल धारणेचा कायदाही १९६१ चाच. एका कायद्याने सांगितले की कोरडवाहू शेतकऱ्याने ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त जमीन ठेवू नये. पुढे ती ५४ एकर झाली. दुसऱ्याने सांगितले की कारखान्यासाठी लागेल तेवढी जमीन सरकार घेईल. घेतलेली जमीन महामंडळ कंपनीला ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देते. नीट लक्षात घ्या. कंपनीनेही जमीन विकत घेतलेली नसते, ती भाड्यानेच असते. फक्त ते भाडे मूळ मालकाला जात नाही. शेतकऱ्याची मालकी एकदा, एका किमतीला गेली आणि पुढच्या ९५ वर्षांची वाढ दुसऱ्याच्या खात्यावर. ज्यांची थोडी गुंठेवारी संपादनातून वाचली त्यांनी तिच्यावर खोल्या बांधल्या आणि आज त्यांचे घर त्या भाड्यावर चालते. ज्यांचे सगळे गेले त्यांच्या हातात आलेला पैसा चारचाकीत, लग्नात आणि भाऊबंदकीच्या कोर्टकचेरीत विरला. हनुमान जयंतीला म्हातोबाचे बगाड अजून हिंजवडीहून वाकडला जाते. मध्ये शिवार उरलेले नाही.

पाण्याचेही तेच. पवना धरणाचे पाणी नळाने पिंपरी-चिंचवडला न्यायला मावळच्या शेतकऱ्यांनी विरोध केला, तेव्हा ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर गोळीबार झाला. तीन शेतकरी मेले, त्यात एक बाई होती.

आणि एवढे करून गावाला काय मिळाले? अब्जावधींची उलाढाल होणारे हे ठिकाण २०२५ सालीही ग्रामपंचायतच होते. रस्ता एकाचा, नाला दुसऱ्याचा, कचरा तिसऱ्याचा. त्या पावसाळ्यात काचेच्या इमारतींपुढचे रस्ते ओढ्यासारखे वाहिले.

याच पुण्यात, शहराच्या दुसऱ्या टोकाला, वेगळे घडले आहे आणि ते आपल्या प्रत्येक बैठकीत सांगितले पाहिजे. हडपसरजवळ मगरपट्ट्याला उसाची जमीन होती, चारशे एकरांवर, सव्वाशेच्या आसपास शेतकरी कुटुंबांची. शहर अंगावर येताना त्यांना दिसले. बिल्डरला एकेकट्याने विकायचे किंवा सरकारच्या नोटिशीची वाट पाहायची, हे दोन्ही त्यांनी केले नाही. सतीश मगर यांच्या पुढाकाराने त्यांनी स्वतःची कंपनी काढली, जमिनीच्या प्रमाणात प्रत्येक कुटुंबाला भाग दिले आणि वसाहत स्वतः उभी केली. २००० च्या सुमारास बांधकाम सुरू झाले. तिथेही संगणकाच्या कंपन्या आहेत, हिंजवडीसारख्याच. फरक एवढाच की त्यांचे भाडे शेतकऱ्यांच्या कंपनीकडे येते. आता कोणी म्हणेल की ती पाण्याखालची जमीन, एका आडनावाची भाऊबंदकी, शहराच्या वेशीवरची जागा. आपल्या माळरानाला तो न्याय कसा लागू होणार? म्हणणे अर्धे खरे आहे. पण उरलेले अर्धे आपल्या दारात येऊन उभे आहे. समृद्धी महामार्ग वर्धा, अमरावती, वाशीम, बुलडाणा, जालना करत गेला आणि जून २०२५ मध्ये पूर्ण झाला. त्याच्या कडेने नवी नगरे आखलेली आहेत. शेंद्रा-बिडकीनला सुमारे १० हजार एकरांवर औद्योगिक शहर आहे, कपाशीच्याच मुलखात. पवनार ते पत्रादेवी आखलेल्या शक्तिपीठ महामार्गाची रेघ यवतमाळ, हिंगोली, नांदेड, परभणी, बीडवरून जाते. आणि चाकण विसरू नका. ज्या चाकणला १९८० साली कांद्याच्या भावासाठी आपल्या लोकांनी रस्ता अडवला, तिथे आज मोटारींचे कारखाने आहेत. कांद्याला भाव मिळायच्या आधी कांद्याच्या जमिनीला भाव आला, आणि तो घेणारा बहुतेक वेळा दलाल होता.

एक गोष्ट बायाबापड्यांच्या बोलण्यात रोज येते, आपल्या ठरावांत मात्र कधी येत नाही. मुलगी देताना आता विचारतात, पुण्याला फ्लॅट आहे का? गावाकडे शेतीही हवी, पण नवरा शेतकरी नको. तिशी ओलांडलेली, धडधाकट, निर्व्यसनी पोरे प्रत्येक गावात बिनलग्नाची बसून आहेत. मुलीच्या बापाला दोष देऊ नका. तोही शेतकरीच आहे आणि त्यालाही तो भागाकार येतो. या धाकापोटी जमीन विकून मुलाला कोणत्याही कॉलेजात इंजिनियरिंगला घालायची घाई चालली आहे, तिथे मात्र थोडे थांबून पाहा. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार माणसे कमी करणार असल्याचे जाहीर केले. नवशिक्याला मिळणारे काम आता यंत्रच करू लागले आहे. हिंजवडीची शिडी आहे तिथेच आहे, पण तिची खालची पायरी वर सरकली आहे. दोन एकर विकून चार वर्षांची फी भरली आणि पोरगा शेवटी डबे पोचवायला लागला, तर गेलेले दोन एकर परत येत नाहीत. शिकवू नका असे आम्ही म्हणत नाही. विकण्याआधी त्या कॉलेजातून मागच्या वर्षी किती मुले कामाला लागली आणि कोणत्या पगारावर, हे कागदावर मागा.

जमिनीची नोटीस ज्या गावात येईल तिथे एकेकट्याने तलाठ्याकडे किंवा दलालाकडे जाणे बंद झाले पाहिजे. गावाने एक होऊन पहिला प्रश्न विचारायचा तो किमतीचा नसावा. जमीन भाड्याने देता येईल का, आणि कंपनीत आमचा भाग किती, असा असावा. उत्तर नाही असे आले तर ते लेखी घ्या.

आणि जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक काम करून यावे. १ मार्च २०२७ ला सरकार मोजणार आहे, त्याआधी आपण मोजू. गावात एकूण घरे किती, कुलूप लागलेली किती, ज्या घरात आता फक्त म्हातारी माणसे आहेत अशी किती. गेलेल्यांपैकी पुण्याला किती, त्यातले हिंजवडी-वाकड-माण भागात किती, आणि काय काम करतात. गेल्या दहा वर्षांत किती एकर विकले गेले, कशासाठी, आणि घेणारा शेतकरी होता का. पोळ्याला किंवा दिवाळीला पोरे घरी येतील तेव्हा एका संध्याकाळचे काम आहे. बायकांना बरोबर घ्या. कोणते घर कधी बंद झाले ते त्यांना तारीखवार ठाऊक असते. साधा वहीचा कागद चालेल. वर गाव आणि तालुका लिहा आणि सकाळीच टेबलावर द्या, म्हणजे दुपारपर्यंत तालुकावार बेरीज फळ्यावर लावता येईल.